पाच टनांचा हिशेब

उमरग्याच्या माणसाला रेल्वेगाडी धरायची असेल तर आधी एसटी धरावी लागते. सोलापूरला जा, लातूरला जा, नाहीतर सीमा ओलांडून कलबुर्गी गाठा. नकाशा समोर धरला की हे चटकन कळतं. खालच्या अंगाने मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा मोठा मार्ग सोलापूर, अक्कलकोट रोड, कलबुर्गी करत वाडीकडे निघून जातो. वरच्या अंगाने कुर्डुवाडीहून निघालेला रूळ बार्शी, येडशी, ढोकी असा लातूरला पोचतो. या दोन रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत उमरगा, लोहारा, मुरूम हा सगळा पट्टा बसलेला आहे.

खालची रेघ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जीआयपीने ओढली. सोलापूर, मग वाडी, मग मद्रास असा तिचा विचार होता. वाटेत कोणतं बाजाराचं गाव सुटतं, याची फिकीर तिला नव्हती. वरची रेघ मात्र एका माणसाच्या डोक्यातून निघाली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या मंडळींना ‘बार्शी लाईट’ हे नाव तोंडपाठ असतं. तो माणूस कोण, हे विचारलं तर उत्तर येत नाही. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप त्याचं नाव. आगगाडीच्या इंजिनांमध्ये वाढलेला, घोड्यांना पोटच्या पोरांसारखा जीव लावणारा आणि उतारवयात भलत्याच एका यंत्रामागे धावलेला हा इंग्रज. मराठवाड्याच्या पश्चिम काठावरची कोणती गावं शहरं व्हायची आणि कोणती नाही, हे त्याच्या हिशेबाने बऱ्याच अंशी ठरवून टाकलं.

जन्म ३ मार्च १८५७ चा. लिंकनशायरमधल्या एका शेतकऱ्याचा थोरला मुलगा, पाठीवर सहा भाऊ. घरात शेती असली तरी पोरांची ओढ रुळांकडे. एव्हरार्डने रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात काम शिकायला सुरुवात केली आणि १८७४ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू इथल्या कारखान्यात उमेदवारी धरली. मग काही काळ ग्रेट वेस्टर्न रेल्वे. १८८२ मध्ये जीआयपीचा लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून तो मुंबईला उतरला. वय पंचवीस.

लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणजे खुर्चीतला साहेब नव्हे. इंजिनं नीट धावतायत का, ड्रायव्हर कोळसा उधळतात का, बॉयलरला कुठलं पाणी मिळतं, चाकं कुठे झिजतात, हे त्याने बघायचं. त्यामुळे त्याच्या डोक्यात रेल्वे म्हणजे पूल आणि बोगदे नव्हते. रुळावर टेकलेलं चाक आणि त्या चाकावरचं ओझं होतं. पुढचं सगळं या सवयीतून आलं असं मला वाटतं.

त्या काळी कुर्डुवाडी स्टेशनला ‘बार्शी रोड’ म्हणत. इंग्रजांच्या काळात ज्या स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ लागे, ते गाव खरं तर तिथून लांब असे. बार्शी वीसेक मैल आत होती. गाव मुंबई इलाख्यातलं, सोलापूर जिल्ह्याचं. पण उत्तरेला आणि पूर्वेला बघाल तिकडे निजामाचा मुलूख. सरहद्दीवरचं गाव असल्याने पलीकडचा कापूस, गळिताचं धान्य, ज्वारी, सगळं बार्शीच्या पेठेत उतरायचं, आडत्यांच्या काट्यावर चढायचं आणि तिथून बैलगाड्यांनी स्टेशनला जायचं. पावसाळ्यात काळी माती चाक गिळते, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. माल तयार, गिऱ्हाईक तयार, मोठी रेल्वेही तयार. मधले वीस मैल तेवढे आडवे.

मोठ्या मार्गाला माल आणून देणाऱ्या छोट्या फाट्यांची कल्पना कॅलथ्रॉपला १८८० च्या दशकाच्या मध्यातच सुचली होती आणि जागा म्हणून त्याने बार्शीवर बोट ठेवलं. कंपनीने त्याला पाहणीसाठी रजा दिली, पण कल्पना काही उचलून धरली नाही. तिशी ओलांडली न ओलांडली तोच त्याने नोकरी सोडली. पक्क्या पगाराची, गोऱ्या साहेबाच्या मानाची नोकरी, तीही एका फाट्यासाठी! पुढची काही वर्षं विलायतेत सल्लागार अभियंता म्हणून काम करत, परवानग्यांच्या मागे लागत आणि भांडवल जमवत गेली. १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली. तिची नोंदणी लंडनची, पैसा विलायती भागधारकांचा. कॅलथ्रॉप तिचा सल्लागार अभियंता.

इथे थोडं थांबून त्याचा हिशेब बघायला हवा, कारण तो बघितल्याशिवाय या माणसाचं मोठेपण दिसत नाही.

छोटी रेल्वे त्याच्या आधीही होती. पण बहुतेक ठिकाणी ती मोठ्या रेल्वेची स्वस्तातली नक्कल असायची: रूळ हलके, डबे लहान आणि इंजिन मात्र जड, कारण जड इंजिनाशिवाय ओढ येत नाही. मग इंजिनाच्या चाकाखाली रूळ वाकतात, म्हणून रूळ जाड घ्या. रूळ जाड घेतले की खर्च वाढला आणि छोट्या रेल्वेचा मुद्दाच संपला. कॅलथ्रॉपने उलटा प्रश्न विचारला. रूळ किती सोसतो? गजाला तीस पौंड वजनाचा रूळ, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो, दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. या रुळावर एका आसामागे पाच टन भार सुखाने बसतो. ठरलं तर मग: या मार्गावर जे काही धावेल, त्याच्या प्रत्येक आसावर पाच टनच येतील. इंजिन असो, उतारूंचा डबा असो की मालाची वाघीण.

पाच टन ही मर्यादा होती, तसंच ते उद्दिष्टही होतं. वाघीण पाच टनांच्या खूप खाली राहिली तर रुळाची ताकद फुकट गेली, असं तो धरायचा. म्हणून त्याने दाबीव पोलादाच्या, चार आसांच्या लांब वाघिणी काढल्या. चार आस गुणिले पाच, म्हणजे भरलेली वाघीण वीस टन. वाघिणीचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त. इंजिनाचंही तसंच. लीड्सच्या किटसन कंपनीने घडवलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चालती चाकं आणि मागे भार वाटून घ्यायला चार लहान चाकं होती. सहा आसांवर इंजिनाचं ओझं सारखं पसरलं होतं. अडीच फुटी रुळावर असं लांबलचक इंजिन बघून तेव्हाच्या अभियंत्यांच्या भुवया उंचावल्या असणार. त्यांची खात्री पटवायला कॅलथ्रॉपने लीड्सजवळ मुद्दाम एक चाचणीचा मार्ग टाकला आणि गाड्या भारतात पाठवण्याआधी लोकांना बोलावून त्या तिथे चालवून दाखवल्या.

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही पहिली एकवीस मैलांची गाडी सुरू झाली. वर्ष काही बरं नव्हतं. सोलापूर जिल्हा दुष्काळाने पोळला होता, मुंबई-पुण्यात प्लेगने कहर केला होता. पण रूळ टिकले आणि कंपनीही टिकली. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दुसरा हात पंढरपूरला गेला. वारकऱ्यांची गर्दी ही कुठल्याही रेल्वे कंपनीला हवीशी वाटणारी गोष्ट. आषाढी-कार्तिकीला बार्शी लाईटने किती माणसं वाहिली असतील याची नुसती कल्पना करावी. त्याच सुमारास बार्शीच्या पलीकडे रूळ निजामाच्या हद्दीत शिरला, तडवळ्यापर्यंत गेला आणि १९११ मध्ये लातूरला टेकला.

आपल्या जिल्ह्याचं भवितव्य या शेवटच्या टप्प्यात ठरलं. रूळ बार्शीहून लातूरकडे निघाला तेव्हा त्याने येडशी, तडवळे, ढोकी ही वाट धरली. धाराशिव शहर, म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण म्हणून मिरवणारं गाव, बाजूलाच राहिलं. कॅलथ्रॉपच्या कंपनीला कचेऱ्या जोडायच्या नव्हत्या, पेठा जोडायच्या होत्या. लातूरची पेठ मोठी होत गेली, आडत वाढली, पुढे तेलगिरण्या आल्या आणि लातूर लातूर झालं. जिल्ह्याच्या गावाला रेल्वेची शिट्टी ऐकायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. उमरगा तर त्या रेघेच्या आसपासही नव्हता. याला कुणी अन्याय म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. लंडनच्या भागधारकाला लाभांश हवा होता, तो त्याला कापसाच्या गाठींमधून मिळणार होता. रेल्वे आली की विकास येतो, असं आपण आज म्हणतो. त्या कंपनीचं म्हणणं नेमकं उलट होतं. माल असेल तिथे रेल्वे येईल.

हिशेबात एक गोष्ट मात्र कॅलथ्रॉपला मिटवता आली नाही. रुळाची रुंदी बदलली की माल उतरवावा लागतो. लातूरची गाठ छोट्या वाघिणीतून कुर्डुवाडीला यायची, तिथे हमाल ती पाठीवर घेऊन मोठ्या वाघिणीत टाकायचे, मग ती मुंबईला जायची. १९२७ मध्ये पंढरपूरचा फाटा मिरजेपर्यंत वाढला, तेव्हा मिरजेला मीटर गेज होती. म्हणजे तिथेही तेच. दोन्ही टोकांना हमालाच्या पाठीवरून गेल्याशिवाय माल पुढे सरकत नव्हता. प्रत्येक आसाचं ओझं मोजणाऱ्या या योजनेत या पाठींवरचं ओझं कुठल्या रकान्यात लिहिलं होतं, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

कुर्डुवाडी मात्र या गाडीवर वाढली. कारखाना, लोको शेड, रेल्वेच्या चाळी आणि बापाच्या जागी मुलगा लागलेली घरं. बार्शी लाईटचा ड्रायव्हर म्हणजे गावात वजन असलेला माणूस. ड्रायव्हर आणि फायरमन ही जोडी जमली नाही तर गाडी चढाला बसायची: एकाचा हात रेग्युलेटरवर, दुसऱ्याचा फावड्यावर आणि दोघांची नजर पाण्याच्या काचेवर. चालत्या गाडीतून उतरून शेतातल्या शेंगा उपटायच्या आणि मागच्या डब्यात चढायचं, ही गोष्ट इथेही रंगवून सांगतात. देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल ती सांगितली जाते, तेव्हा तिचा मान एकट्या बार्शीला देता येत नाही.

इकडे कॅलथ्रॉपचं नाव झालं होतं. माथेरानची फुलराणी सगळ्यांना माहीत आहे. आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्या रेल्वेचाही सल्लागार अभियंता तोच. विलायतेत स्टॅफर्डशायरमध्ये त्याने लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली छोटी रेल्वे बांधली, १९०४ मध्ये. तिच्या एका इंजिनाला त्याचंच नाव दिलं होतं. बार्शीच्या माळावर ताडून पाहिलेली अक्कल इंग्लंडच्या हिरव्या दरीत वापरली गेली, हा प्रवास नेहमीच्या उलट दिशेचा. ती रेल्वे तीसच वर्षं चालली, १९३४ मध्ये बंद पडली. दुधाच्या बरण्या आणि सुट्टीतले प्रवासी एवढाच तिचा माल. बार्शीची गाडी त्यानंतरही साठ-सत्तर वर्षं धावत राहिली.

त्याचं घर लंडनजवळ लाउटन गावात होतं, ‘गोल्डिंग्ज’ नावाचं. पत्नी इझाबेल ही एका पाद्र्याची मुलगी. घरात मुलंबाळं, बाहेर पागा. पागेत अरबी घोडे. घोड्याला चाबकाने वठणीवर आणायचं ही तेव्हाची रीत. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की शिंगरू जन्मल्यापासून त्याला माणसाचा हात आणि आवाज प्रेमाने ओळखीचा करून द्यावा, मग मोडायची वेळच येत नाही. १९२० मध्ये त्याने घोडा हा सोबती आणि मित्र कसा, यावर चक्क एक पुस्तक लिहिलं. पोलादाच्या वाघिणींचा हिशेब मांडणारा हाच माणूस, हे पुस्तक हातात घेणाऱ्याला सांगूनही खरं वाटणार नाही. मला मात्र त्यात विसंगती दिसत नाही. सोसेल तेवढंच ओझं घालायचं, हा रुळाचा नियम त्याने घोड्यालाही लावला.

निवृत्त होऊन घोड्यांत रमायचं वय आलं आणि नेमका तेव्हाच त्याचा मित्र गेला. चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉईसमधला रोल्स. १२ जुलै १९१० ला बोर्नमथ इथे विमानाची शेपटी मोडली आणि तो खाली आला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो पहिला ब्रिटिश माणूस. कॅलथ्रॉपच्या मनाने घेतलं की विमान कोसळलं तरी माणूस वाचलाच पाहिजे. पुढची वर्षं त्याने पॅराशूटवर घातली. त्याचं नाव त्याने ठेवलं ‘गार्डियन एंजल’, पाठीराखा देवदूत. विमानाच्या बाहेरच्या अंगाला एक डबा, त्यात घडी घातलेलं पॅराशूट, त्याची दोरी वैमानिकाच्या पट्ट्याला. वैमानिकाने उडी टाकली की त्याच्या वजनानेच छत्री ओढली जाऊन उघडायची. हाताने काही करायला नको.

पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश वैमानिक जळत्या विमानात मरत होते आणि कॅलथ्रॉप लष्कराची दारं ठोठावत होता. १९१७ च्या नोव्हेंबरात ऑर्ड-लीज नावाच्या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून दीडशे फूट खाली थेम्समध्ये उडी टाकून दाखवली. हा ऑर्ड-लीज शॅकल्टनच्या मोहिमेत दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात अडकून परतलेला माणूस. त्याला पुलाची काय भीती! पॅराशूट उघडलं, माणूस वाचला, वर्तमानपत्रांत गाजला. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला लष्कराने ही छत्री वापरली. पण स्वतःच्या वैमानिकांना ती देण्याची टाळाटाळ युद्ध संपेपर्यंत चालली. एक आक्षेप असा की डबा जड आहे, विमानाचा वेग आणि चढ मारतो. आयुष्यभर वजनाचा हिशेब मांडलेल्या माणसाला वजनाच्याच मुद्द्यावर परत पाठवलं गेलं. दुसरी शंका कुजबुजीतली: छत्री असली की पोरं विमान सोडून पटकन उड्या टाकतील. जर्मनांनी मात्र १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना पॅराशूट दिलं.

युद्ध संपलं आणि १९१९ च्या फेब्रुवारीत त्याचा धाकटा भाऊ सर गाय कॅलथ्रॉप इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. एव्हरार्डने ज्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नमध्ये उमेदवारी केली, तिचाच हा भाऊ जनरल मॅनेजर झाला होता आणि युद्धात देशाच्या कोळशाचा कारभार त्याच्याकडे होता. थोरला मागे उरला. ३० मार्च १९२७ ला लंडनमध्ये त्याचं निधन झालं. मिरजेपर्यंतचा शेवटचा टप्पा त्याच वर्षी सुरू झाला. लातूर ते मिरज ही दोनशे मैलांची पूर्ण रेघ त्याला पुरती बघायला मिळालीच नाही.

त्याच्यामागे ती रेघ आपल्या मर्जीने जगली. तिच्याच काठच्या कसबे तडवळ्यात १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. निजामी राज्यातल्या एका खेड्याचं नाव त्यामुळे इतिहासात गेलं. १९४८ मध्ये भारतीय फौज सोलापूरहून हैदराबादकडे निघाली तेव्हा तिला या रुळाचा काही उपयोग नव्हता. १३ सप्टेंबरला नळदुर्गचा पूल, मग जळकोट, मग उमरगा, आणि दुसऱ्या दिवशी उमरग्याहून पुढे राजेश्वर. हैदराबाद मुक्तीची वाट सडकेने गेली आणि ती सडक उमरग्यातून गेली. उमरग्याचा इतिहास असा रस्त्यावरचाच आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंपाने किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर हादरलं, तेव्हाही मदतीच्या गाड्यांची रांग याच सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आली.

१९५४ मध्ये सरकारने बार्शी लाईट ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. नंतर रुंदीकरण आलं, तेही रखडत रखडत. पंढरपूरचा भाग या शतकाच्या सुरुवातीला मोठा झाला, २००७ मध्ये लातूर ते धाराशिव, २००८ मध्ये पुढे कुर्डुवाडीपर्यंत आणि त्यानंतर मिरजेकडचा. धाराशिवच्या भागात जुनी वाट थोडी सोडून नवा रूळ शहराला लागून नेला. कॅलथ्रॉपच्या कंपनीने सुटू दिलेलं गाव शंभर वर्षांनी जोडलं गेलं.

मग २०१६ चा उन्हाळा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेला रेल्वेच्या दहा टाक्या भरल्या, साधारण पाच लाख लिटर, आणि ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. नंतर पन्नास टाक्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. धाराशिवजवळचा वळसा सोडला तर ही वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत बार्शी लाईटचीच. लातूरचा कापूस बाहेर काढायला टाकलेल्या रेघेवरून लातूरला पाणी आलं. जुन्या तीस पौंडी रुळावर मात्र ही गाडी उभीसुद्धा राहिली नसती. भरलेल्या टाकीचा एकेका आसावरचा भार वीस टनांच्या घरात जातो, कॅलथ्रॉपच्या मर्यादेच्या चौपट. मोठा रूळ आठ-दहा वर्षं उशिरा पडला असता, तर ती गाडी लातूरला पोचलीच नसती.

उमरग्याहून रेल्वे न्यावी, लातूर-कलबुर्गी जोडावं, ही मागणी जुनी आहे. निवडणूक आली की ती नव्याने ऐकू येते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्ग मंजूर होऊन काम सुरू झालं आहे, पण तोही उमरग्याच्या पश्चिमेनेच जातो. या मागणीच्या निवेदनात अन्याय, मागासलेपण, सीमाभाग हे शब्द असतात. माल किती, कुठून कुठे जाणार, आज ट्रकने किती भाड्याने जातो, हा तक्ता मी तरी एकाही निवेदनात पाहिलेला नाही. हमरस्त्यावर रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी बघता तो तक्ता काही रिकामा निघणार नाही.